फोनच्या बटणांवर पळणारा ह्यूगो

"दुसरा कोणीतरी गेम खेळतोय आणि आमचं पोरगं तासन्‌तास ते बघत बसलंय. ह्याला खेळ म्हणायचं का?" मंजिरीने रविवारी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर विचारलं आणि वादाला तोंड फुटलं. तिचा भाचा दहा वर्षांचा आहे. स्वतः माइनक्राफ्ट जेवढा वेळ खेळतो त्यापेक्षा जास्त वेळ तो यूट्यूबवर दुसऱ्यांचं माइनक्राफ्ट बघतो. मंजिरी शाळेत शिकवते, त्यामुळे हा एका घरातला प्रश्न नाही हे तिला रोज वर्गात दिसतं.

विनायकने नेहमीचं उत्तर दिलं, मग क्रिकेटची मॅच तरी कशाला बघायची? ते कोणालाच पटलं नाही. त्यालाही पटलं नसावं, कारण तो लगेच लहानपणावर आला. चाळीत एकाच घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. दोन रिमोट आणि सात-आठ पोरं. बाकीचे बघतच बसायचे. "पण ते बघणं वेगळं होतं," विनायक म्हणाला. "हा कधी मरतो आणि माझा नंबर कधी लागतो, सगळं लक्ष तिकडे. 'एक लाइफ दे ना' म्हणून मागे लागायचो आपण. बघणारा प्रत्येक जण पुढचा खेळणारा होता."

संदीप इतका वेळ गप्प होता. तो बरीच वर्षं कोपनहेगनला नोकरी करतो, सुट्टीवर आलाय. "तू म्हणतोस तेच डेन्मार्कमध्ये टीव्हीवर झालं होतं," तो म्हणाला. "अख्खा देश बघत बसायचा आणि कोणातरी एका पोराचा नंबर लागायचा. माझ्या ऑफिसातल्या चाळिशीच्या लोकांसमोर ह्यूगो म्हणून बघ, काम सोडून बोलत बसतील."

मग त्याने सगळं सांगितलं. डेन्मार्कमध्ये १९८८ पर्यंत देशभर दिसणारी वाहिनी सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेचीच होती. त्या वर्षी टीव्ही २ नावाची दुसरी वाहिनी सुरू झाली आणि १९९० मध्ये तिच्या एका करमणुकीच्या कार्यक्रमात ह्यूगो आला. मोठ्या कानांचा, बुटका, शेपटीवाला ट्रोल, म्हणजे तिकडच्या लोककथांतला रानातला प्राणी. त्याची बायको ह्यूगोलिना आणि तीन मुलं चेटकिणीने पळवून नेलेली. त्यांना सोडवायला ह्यूगो रुळांवरून ट्रॉली हाकतो, डोंगर चढतो, जंगलातून उड्या मारत जातो. शेवटी गुहेत तीन दोर लोंबत असतात, त्यातला एक निवडायचा. दोर बरोबर निघाला तर कुटुंब सुटतं. आणि ह्या ह्यूगोला पळवतं कोण? घरी सोफ्यावर बसलेलं एक मूल, टेलिफोनच्या बटणांनी. एक बटण दाबलं की डावीकडे, दुसरं दाबलं की उजवीकडे. समोरच्या टीव्हीवर जो खेळ दिसतोय तोच त्या क्षणी देशभर दिसतोय.

विनायकची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तो सरसावून बसला. "म्हणजे टोन डायलिंग!" पुढची दहा मिनिटं कट्टा त्याचाच होता, आणि मला तो भाग फार आवडला.

बटणाच्या फोनवर प्रत्येक आकड्याला दोन सूर असतात, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा. दोन्ही एकदम वाजतात. हा आवाज असल्यामुळे तो बोलण्यासारखाच तारेतून थेट पलीकडच्या माणसापर्यंत जातो. स्टुडिओतलं यंत्र ते दोन सूर ओळखतं, आकडा काढतं आणि संगणकाला सांगतं. ह्यूगोच्या खेळाच्या मागे अमिगा नावाचे त्या काळचे घरगुती संगणक होते, ही माहिती संदीपची. जुन्या गोल तबकडीच्या फोनवर हे होऊ शकत नाही. तबकडी परत फिरताना तारेतला प्रवाह तोडते-जोडते आणि ते तुकडे आपलं एक्स्चेंज मोजतं. एकदा समोरचा फोन लागला की तबकडी कितीही फिरवा, पलीकडे नुसती टिकटिक. "आपल्याकडे तेव्हा बटणाचे फोन येऊ लागले होते," विनायक म्हणाला, "पण त्यांच्या कडेला टी आणि पी, म्हणजे टोन आणि पल्स, असं लिहिलेलं छोटं बटण असायचं, आठवतंय? एक्स्चेंज जुनं असेल तर ते पी वरच ठेवावं लागायचं. दिसायला बटणं, काम तबकडीचं. आणि मुळात फोन मिळायला किती वर्षं लागायची ते मी काय सांगू."

मंजिरीने त्याला थांबवलं. "अरे, तांत्रिक करामत मोठी असेल, पण मुलांच्या पदरात काय पडलं? लाखभर पोरांनी फोन करायचा, एकाचा लागायचा. ही तर सोडत झाली."

विनायक तिच्या बाजूला गेला. फोन लागेपर्यंत किती वेळा फिरवायचा आणि बिल कोणाच्या नावावर, हे त्याने लगेच विचारलं. मुलांच्या उत्साहावर फोनची कमाई करणं त्याला मुळात मान्य नाही. त्यात त्याने अमेरिकेतल्या निक आर्केडचं उदाहरण जोडलं. निकेलोडियन ह्या मुलांच्या वाहिनीचा १९९२ चा कार्यक्रम, ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओत व्हायचा. शेवटच्या फेरीत मुलांना 'गेमच्या आत' सोडायचे. पण मूल उभं असायचं नुसत्या निळ्या पडद्यासमोर. राक्षस, फळ्या, नाणी त्याला आजूबाजूला काहीच दिसायचं नाही, मॉनिटरकडे बघून हातवारे करायचे. "घरी बघणाऱ्याला जादू, आणि ज्याला बक्षीस म्हणून आत सोडलं त्याला रिकामी भिंत," विनायक म्हणाला. "टीव्हीला बघणारा हवा असतो. खेळणारा नुसता निमित्त."

निक आर्केडबद्दल त्याचं बरोबर असेल. ह्यूगोबद्दल मात्र मला ते अजिबात मान्य नाही आणि मी तिथेच भांडायला लागलो.

संदीपने मोबाइलवर जुन्या चित्रफिती दाखवल्या होत्या. ह्यूगो चाळीसहून जास्त देशांत गेला. फ्रान्समध्ये, जर्मनीत, पोलंडमध्ये, अर्जेंटिनात, व्हिएतनाममध्येसुद्धा. तुर्कस्तानात तोल्गा नावाचा तरुण निवेदक होता, मुलं त्याला तोल्गा आबी म्हणायची, आपण तोल्गादादा म्हणू तसं. सगळीकडे घडतं तेच. निवेदक मुलाला नाव विचारतो, गाव विचारतो. पलीकडून घाबरलेला, बारीक आवाज. टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून सांगावं लागतं, नाहीतर फोनमध्ये घुमतो. मग ट्रॉली सुटते. समोरून आगगाडी येते. मूल बटण उशिरा दाबतं. धडक. ह्यूगो पडद्याजवळ येऊन तक्रार करतो, कधी आतून काचेवर टकटक करतो. त्याला स्टुडिओतला नट आवाज द्यायचा, त्यामुळे तो त्याच मुलाशी बोलू शकायचा. दुसरी लाइफ. पुन्हा धडक. तिसरी. संपलं. बऱ्याच मुलांचा खेळ असा दोन-तीन मिनिटांत संपतो आणि निवेदक प्रेमाने निरोप देतो.

माझं म्हणणं एवढंच होतं, की हे हरणं मोलाचं होतं. टीव्हीवर दिसणारं मूल एरवी गाणारं तरी असतं, नाचणारं तरी, निवडून, घासूनपुसून पुढे आणलेलं. ह्यूगोत फोन लागायला अंगात काही गुण असावा लागत नव्हता. कुठल्यातरी लहान गावातली आठ वर्षांची मुलगी, तिची ती बिचकणारी बोटं, आणि देशभरातली मुलं आपापल्या घरात ओरडताहेत, "डावीकडे! डावीकडे!" ती हरली तर त्यांना तिचा राग येत असेल, पण त्याच वेळी हेही कळत असेल, की हे मला जमलं असतं, किंवा मीही असाच आपटलो असतो. विनायक चाळीतल्या ज्या बघण्याबद्दल बोलत होता ते हेच. मंजिरीचा भाचा ज्याला बघतो तो यूट्यूबवाला हरत नाही. हरला तरी तो भाग कापून टाकता येतो किंवा किंचाळून विकता येतो. तो मोठा माणूस आहे, ते त्याचं काम आहे. भाच्याने त्याच्या जागी स्वतःला बघावं तरी कसं?

आणखी एक गोष्ट. ह्यूगोचे खेळ बघण्यासाठी रचलेले होते. रूळ, समोरून येणारी गाडी, वळायचं. स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या आजीलाही दहा सेकंदांत कळेल की आता काय होणार. नियंत्रणाला मोजकी बटणं, कारण हातात फोन आहे. ह्या अडचणींतूनच त्या खेळाचा साधेपणा आला. खेळ म्हणून तो पोरकट आहे, असं संदीपच म्हणाला. घरच्या संगणकासाठी नंतर निघालेले ह्यूगो एकट्याने खेळले तर लवकर कंटाळा येतो. मला ते पटतं. तो एकट्याने खेळायचा नव्हताच.

मंजिरीने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिने तिचं खरं म्हणणं मांडलं. ते तगडं होतं.

"तुझी ती मुलगी हरली, मला वाईट वाटलं, छान. पण गेम विकत घ्यायचा की नाही, त्यात काय चांगलं, काय फसवं, हे तिला कोणी शिकवलं?" तिची आतेबहीण सिडनीला असते. तिच्या मुलांमुळे मंजिरीला ऑस्ट्रेलियाचा 'गुड गेम: स्पॉन पॉइंट' माहीत होता. तिथल्या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेने, एबीसीने, मोठ्यांसाठी गेम परीक्षणाचा कार्यक्रम आधीच चालवला होता. २०१० मध्ये मुलांच्या एबीसी ३ वाहिनीवर त्याची मुलांसाठीची आवृत्ती काढली. बाजो आणि हेक्स ह्या टोपणनावांनी वावरणारे दोन निवेदक आणि सोबत डॅरन नावाचा यंत्रमानव. नवा गेम घ्यायचा, स्वतः खेळायचा आणि दोघांनी आपापलं मत द्यायचं. गुण मोजायचे रबरी कोंबड्यांत. पाचपैकी किती कोंबड्या, त्यावर मुलं हसायची. पण त्याच्या आधीची चर्चा पूर्ण गांभीर्याने व्हायची. गोष्ट कशी आहे, नियंत्रण हाताला कसं लागतं, तेच तेच किती करावं लागतं. दोघांचं एकमत नसलं तर नसलं.

"त्या वाहिनीवर जाहिराती नव्हत्या," मंजिरी म्हणाली. "गेम कंपनीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायची त्यांना गरज नव्हती. माझा भाचा जे बघतो त्यात कुठलं मत आणि कुठली जाहिरात हे मलाच कळत नाही, त्याला काय कळणार? नवा गेम आला की सगळे एकाच सुरात 'कडक, कडक'. तिथे दोन शहाणी माणसं मुलांसमोर बसून म्हणायची की मला हा आवडला आणि मला नाही, आणि का ते सांगायची. मराठीत मुलांसमोर असं कोणी कशाबद्दल तरी बोलतं का रे? पुस्तकाबद्दल? सिनेमाबद्दल?"

कट्ट्यावर कोणाकडेच ह्याचं उत्तर नव्हतं.

तरी संदीपने एक बाजू लावून धरली. परीक्षण ऐकणारं मूल पुन्हा ऐकणारंच राहतं, असं त्याचं म्हणणं. शहाणी माणसं बोलणार, मूल मान डोलावणार. ह्यूगोत निदान दोन मिनिटं टीव्ही मुलाचं ऐकत होता. मंजिरीला हे बोलणं कवितेसारखं वाटलं आणि तिने तसं सांगितलंही. वर्गात मुलं एखाद्या धड्यावर मत द्यायला लागतात ती कोणीतरी आधी मत देताना ऐकल्यावर, हे ती रोज बघते.

मग 'आज पुन्हा तसं करता येईल का' ह्यावर गाडी गेली, आणि ती विनायकने अडवली. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात चित्र स्टुडिओतून निघालं की जवळजवळ त्याच क्षणी घरात. म्हणून मूल आपल्याच टीव्हीकडे बघून बटण दाबू शकत होतं. आता चित्र आधी आकड्यांत दाबून बसवतात, उपग्रहावर पाठवतात, सेट टॉप बॉक्स ते उलगडतो. काही सेकंद जातात. भारत-पाकिस्तान मॅचला शेजारच्या घरात आधी आरडाओरडा होतो आणि आपल्याकडे विकेट नंतर पडते ती त्यामुळेच. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण बहुधा आणखी मागे. "मुलाला गाडी दिसेपर्यंत ह्यूगो मेलेला असेल," विनायक म्हणाला. सगळी साधनं खिशात असलेल्या काळात हा एक खेळ करणं कठीण झालंय, हे ऐकून मला खरंच हळहळ वाटली.

"मग मुलाच्या मोबाइलवर खेळ थेट पाठवा आणि बाकीच्यांना उशिरा दिसू दे," संदीप म्हणाला. विनायकने विचार केला आणि होईल म्हणाला. बघणाऱ्याला उशीर झाला तर बिघडत नाही, खेळणाऱ्याला होता कामा नये. म्हणजे करता येतं. प्रश्न करायचं कोणी हा.

मंजिरीने मला सरळच विचारलं, दोनांतला एकच कार्यक्रम मराठीत काढायचा असेल तर कुठला? मी ह्यूगो म्हणालो. दापोलीचं एखादं पोर सगळ्या महाराष्ट्रासमोर तीनदा आपटून "आता पुन्हा कधी फोन लावू?" म्हणताना मला ऐकायचंय. ती म्हणाली, "आपटण्याचं कौतुक तुला आहे कारण तू आता दहा वर्षांचा नाहीस. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत जायचंय." आणि तिने निवेदकाबद्दल विचारलं: हरलेल्या मुलाशी नीट बोलणारा माणूस आपल्या वाहिन्यांवर एक तरी दाखव. संदीपने दोन नावं घेतली, विनायकने दोन्ही खोडली, आणि चहाचा दुसरा फेरा येईपर्यंत यादी सुरूच होती.