मूल बोलत नसेल तर पाच वर्षं थांबू नका

‘मूल उशिरा बोलतंय? पाच वर्षांपर्यंत डॉक्टरांच्या नादी लागू नका’ असा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात घरोघरी फिरतोय. भिशीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. पण परवा उचगावच्या माझ्या भाचीनं तोच मला पाठवला. तिचा मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला, अजून ‘आई’ म्हणत नाही. खाली तिनं लिहिलं होतं, ‘बघ मावशी, थांबतो की अजून.’ आता गप्प बसवत नाही.

न बोलण्यामागे ऐकू न येणं हे एक कारण असू शकतं. मेसेज म्हणतो, मागून थाळी वाजवा, मूल वळलं तर कान ठणठणीत. साफ चूक. सावली हलते, फरशीला हादरा बसतो, समोरच्या आईची नजर फिरते, मूल तेवढ्यावरही वळतं. शिवाय कमी ऐकू येणं म्हणजे सगळंच बंद असणं नव्हे. थाळीचा दणका ऐकणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’ ऐकूच येत नसतील. कान तपासायला ओएई आणि बेरा या चाचण्या आहेत. बाळ झोपलेलं असताना होतात, दुखत नाहीत.

‘मुलगे उशिराच बोलतात.’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य. कान चांगले असूनही काही मुलं उशिरा बोलतात, त्यात मुलगे जास्त. पण आपलं मूल त्यातलंच आहे हे कान तपासल्याशिवाय कळणार कसं? अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १५० कर्णबधिर मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ७२ मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला होता, ७८ जणांचा त्यानंतर. बुद्धी सर्वसाधारण असलेल्या मुलांत, लवकर कळलेली मुलं भाषेत स्पष्टपणे पुढे होती. घर गरीब असो की श्रीमंत, दोष थोडा असो की फार, घरचे तोंडानं बोलत असोत की खुणांनी, फरक तोच.

हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य खुणांबद्दल आहे: ‘मूल हातवारे करू लागलं तर हात धरा, नाहीतर ते कायमचं मुकं राहील.’ हात धरा! १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी कर्णबधिरांच्या शाळांतून खुणा हद्दपार करायचे ठराव केले होते. २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याच परंपरेतल्या परिषदेनं ते ठराव फेटाळले आणि खेद व्यक्त केला. आणि आपण ते आज फॉरवर्ड करतोय.

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार नव्वद टक्क्यांहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. म्हणजे घरात खूणभाषा कुणालाच येत नसते. अशा घरात मुलाचे हातही धरले तर उरलं काय? सगळे जेवायला बसलेत, आजोबा काहीतरी सांगतात, हशा पिकतो. मूल आईला हलवून विचारतं, आणि उत्तर मिळतं, ‘काही नाही, जेव तू.’ त्याला पाणी मागता येतं, भूक सांगता येते. पण आजी दवाखान्यात का गेली, काका घरी का येत नाहीत, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. मूल हट्टी आहे, चिडकं आहे म्हणून जे ओरडतात, त्यांनी एक आठवडा असं जेवून बघावं.

लहान वयात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण, मिळालेल्या मुलांचा २०१७ मधला एक अमेरिकन अभ्यास सांगतो, की ज्यांच्या घरी खुणा वापरल्या नाहीत ती बोलण्यात पुढे गेली. नाकारत नाही. पण त्या मुलांच्या कानात आवाज पोचत होता. पाच वर्षं थांबवलेल्या मुलाकडे ना आवाज, ना खुणा.

‘मशीननं (ऐकण्याच्या यंत्रानं) कान आळशी होतो’ हेही मेसेजमधलं खोटं. नीट मोजून बसवलेल्या यंत्रानं कान बिघडत नाही. लसणाचं तेल कानात घालून आतल्या कानाचा दोष जात नाही, आणि पडदा फाटलेला असेल तर तेल घालणं धोक्याचंच.

राहिली पाच वर्षं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं ते वयाच्या पाच वर्षांपर्यंतच. मेसेज मानून थांबलेले आईबाप उठतील तेव्हा ते दार बंद झालेलं असेल. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा, बेराची चौकशी करा. तारीख लांबची मिळाली तर तोवर मुलाला तुमचं तोंड दिसेल असं समोर बसा आणि बोलून, हातांनी, चेहऱ्यानं, जमेल तसं घरातलं सगळं त्याला सांगत राहा.