व्हिट्रेस्क ही लग्नाची भेट नव्हती

तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय: ‘फिनलंडमधलं तळ्याकाठचं व्हिट्रेस्क हे घर एलिएल सारिनेन यांनी एकट्याने, पत्नी लोया यांना लग्नाची भेट म्हणून बांधलं.’ हे चूक आहे. घर १९०१ ते १९०३ मध्ये उभं राहिलं. लग्न १९०४ चं. आराखडा तिघा भागीदार वास्तुविशारदांचा: सारिनेन, आर्मास लिंडग्रेन आणि लोयांचे सख्खे भाऊ हर्मन गेसेलियस. तिघांचं ऑफिसही तिथंच, बिऱ्हाडंही तिथंच. फोटो मोठा करून पाहा, ओबडधोबड दगड आणि लाकडाचे ओंडके दिसतील. लोयांना नुसतं ‘पत्नी’ म्हटलेलं मला फार खटकलं. त्या शिल्पकार होत्या. पुढे अमेरिकेत क्रॅनब्रुक या कलासंस्थेत त्यांनी विणकामाचा विभाग उभा केला. फोटो पुढे पाठवला असेल, तर हेही पाठवा.