हिरवा दिवा म्हणजे बॅटरी ठणठणीत? त्या मेसेजची झडती

इन्व्हर्टर आणि यूपीएसच्या दिव्यांबद्दलचा एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. त्यातले दावे थोडक्यात असे: हिरवा दिवा असेल तर बॅटरी उत्तम. लाल दिवा लागला की बॅटरी गेली, नवी आणा. किती बीप म्हणजे कुठला बिघाड, याचा एक तक्ता. आणि शेवटी, फॉल्ट आला तर बंद करून चालू करा, आपोआप जातो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण बाकीचे दावे अर्धवट आहेत आणि पहिला तर सरळ फसवा.

म्हणून आधी हिरवा दिवा. साध्या यूपीएसवर तो एवढंच सांगतो की मेन्स (भिंतीतल्या सॉकेटमधली वीज) येतंय आणि आउटपुट चालू आहे. 'बॅटरी फुल'चा वेगळा दिवा असला तरी बहुतेक यंत्रं बघतात ते व्होल्टेज. १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी चार्जर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो. मग ती आतून वाळलेली असो, प्लेटांवर सल्फेट चढलेलं असो, चार्जर जोडलेला आहे तोवर मीटरवर बहुधा १३.६ दिसतच राहतात. उलट थकलेली बॅटरी लवकर फुल होते, कारण साठवायला तिच्यात जागाच उरलेली नसते. 'आमची आता पटकन चार्ज होते' असं कौतुकानं सांगणारे बरेच भेटतात. त्यांना वाईट बातमी द्यावी लागते.

बॅटरीची खरी कसोटी लोडवर, म्हणजे तिच्यावर उपकरणं चालू असताना. सॉकेटचं बटण बंद करा (प्लग उपटू नका, अर्थिंग जोडलेलं राहायला हवं), नेहमीचा लोड चालू ठेवा आणि किती मिनिटं टिकते ते लिहून ठेवा. कॉम्प्युटरवरचं काम आधी सेव्ह केलेलं बरं. बाहेर ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी असेल आणि मीटर वापरायची सवय असेल तर टर्मिनलवर धरून बघा: चांगली बॅटरी १२ च्या आसपास येते आणि तिथून हळूहळू खाली सरकते. गेलेली बॅटरी १३.६ वरून काही सेकंदांत १०.५ च्या खाली, बीपचा कल्लोळ, यंत्र बंद. हिरवा दिवा क्षणापूर्वीपर्यंत लागलेलाच होता. दर दोन-तीन महिन्यांनी हे केलं की घसरण आकड्यांत दिसते. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायला झाली असं या धंद्यात धरतात.

काही मेंटेनन्स-फ्री बॅटऱ्यांवर हिरवा 'डोळा' असतो. त्यावरही मेसेजचा फार विश्वास. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि तो डोळा एकाच सेलमधल्या ॲसिडची घनता दाखवतो. बाकीच्या पाचांतला एक बसला तरी डोळा हिरवाच. ट्यूब्युलर बॅटरीवरची लाल-हिरवी तरंगती काडी तर चार्जबद्दल काहीच बोलत नाही, ती फक्त पाण्याची पातळी दाखवते. पातळी उतरली तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड नाही.

आता लाल. आयईसी ६००७३ या आंतरराष्ट्रीय मानकात लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काहीतरी वेगळं घडतंय आणि हिरवा म्हणजे सुरळीत, असे अर्थ दिलेत. पण घरगुती इन्व्हर्टर बनवणारे ते पाळतातच असं नाही. काहींत चार्जिंग चालू असतानाही लाल दिवाच लागतो. आणि लाल दिवा खरंच तक्रारीचा असला तरी तक्रार बॅटरीचीच कशावरून? ओव्हरलोड घ्या. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद बऱ्याचदा ३६० वॅट असते. त्यावर लेझर प्रिंटर लावला तर एरवी सगळं शांत, आणि पान छापायला घेतलं की लाल दिवा आणि बोंब. प्रिंटरचा फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना काहीशे वॅट, कधी हजाराच्याही वर एकदम ओढतो. इथे नवी बॅटरी आणणं म्हणजे पैसे पाण्यात. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटवर न्या, बोंब थांबते.

पिवळ्या दिव्याबद्दल मेसेज गप्प आहे, आणि ऑनलाइन यूपीएसवाल्यांना (म्हणजे लाइट असतानाही लोड इन्व्हर्टरमधूनच चालवणारा यूपीएस) नेमकं तेच महाग पडतं. 'बायपास'चा दिवा लागलाय, कॉम्प्युटर चालू आहे, म्हणून सगळे निवांत. त्या वेळी लोड थेट मेन्सवर असतो. लाइट गेली की कॉम्प्युटरही गेला.

बीपच्या तक्त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. बीपची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. तक्ता हवा तर आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतला.

राहिलं 'बंद करून चालू करा'. सगळा लोड काढून एकदा करायला हरकत नाही. लोड नसताना फॉल्ट गेला आणि एकेक उपकरण जोडताना परत आला, तर दोषी उपकरण सापडलं. रिकाम्या यंत्रावरही तोच फॉल्ट आला तर बिघाड आत आहे. पुन्हा पुन्हा चालू करून तो वाढतो. पंखा अडकून यंत्र तापलं असेल तर थंड झाल्यावर ते निमूट चालू होतं, तासाभरानं परत बंद पडतं, आणि मधल्या काळात शेजारची बॅटरीही उकडत राहते. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

बॅटरी फुगलेली दिसली, हाताला कढत लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर मात्र एकदाही प्रयोग नको. वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, बॅटरी जास्त चार्ज होत असल्याची ती खूण. सोबत हायड्रोजनही सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. खिडक्या उघडा, त्या खोलीतल्या कुठल्याही बटणाला हात न लावता खोलीबाहेरच्या मेन स्विचवरून पुरवठा तोडा आणि मेकॅनिकला बोलवा. दिवा तेव्हा कुठल्याही रंगाचा असो.