माळाला पडीक म्हणू नका

सोमवारी रात्री पावणेअकराला फोन. 'मॅडम, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट लागेल, बँकेची मीटिंग आहे.' जागा सोलर प्रकल्पाची, सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातली, दोनशे एकरांच्या आसपास. तिथे मी अजून पायही ठेवला नव्हता. तसं सांगितलं तर म्हणाले, 'त्यात बघायचंय काय? सगळं पडीक आहे. मागच्या साइटचा रिपोर्ट असेलच ना तुमच्याकडे? गावाचं नाव आणि गट नंबर बदला, झालं.'

काय झालं? प्रकल्पाच्या जागेवर फिरून तिथले प्राणी-पक्षी, गवत, चराई नोंदवायची आणि अहवाल द्यायचा, अकरा वर्षं मी हे काम करतेय. आधी पवनचक्क्यांसाठी केलं, आता सोलरसाठी करते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हेच ऐकते. आता खरंच डोकं फिरतं.

पडीक कुणी ठरवलं? सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, लिहिलं की संपलं? अशा माळांवर खोकडाची, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याची, बिळं आहेत, लांडगी पिल्लं वाढवते, चिंकारा चरतो. हा सगळा पट्टा एकेकाळी माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा. १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळांवर ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं. पुढे ते १,२२२ वर आणलं, आणि आता सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. एवढं हातचं घालवलं, तरी तोंडातला 'पडीक' काही जात नाही.

आणि हे चालतं, कारण विचारणारं कुणी नाही. सोलर आणि पवन प्रकल्प २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या यादीत नाहीतच. म्हणजे जनसुनावणी नाही, तज्ज्ञ समिती नाही. २०१६ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत दोन्ही 'व्हाइट' गटात आहेत, मंडळाला कळवलं की पुरे. धूर नाही, सांडपाणी नाही, त्यामुळे कारखान्यासारखी संमतीपत्रं मागू नका, हे मलाही पटतं. पण दोनशे एकर जमीन सपाट होणार, चारी बाजूंनी जाळीचं कुंपण पडणार, त्याचं काय? वनजमीन लागली तरच परिवेश या सरकारी पोर्टलवर अर्ज, मंजुरीचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, पर्यायी वनीकरण. म्हणून वनखात्याच्या हद्दीच्या दगडाला अगदी खेटून जागा घेतात. रात्री शिकारीला निघालेला लांडगा हद्दीचा दगड बघून मागे फिरतो का?

मग उरतो एकच अभ्यास, कर्ज देणाऱ्या बँकेसाठीचा. मोठे लेंडर जागतिक बँक गटातल्या आयएफसी या वित्तसंस्थेचे निकष लावतात, त्यात जैवविविधतेचा सहावा निकष आहे. माळावर कुणीतरी शिकलेला माणूस दुर्बीण घेऊन उतरतो तो फक्त या कागदापायी. आणि तोच कागद चार दिवसांत हवा.

आता हंगामाचं ऐका. ज्या प्रकल्पांना कायद्याने मूल्यांकन लागतं, त्यांनाही बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी चालते. हवेतली धूळ मोजायला ते ठीक आहे, पावसात धूळ बसलेली असते. पण गवताळ माळ जगतो तो पावसाळ्यातच! जूनमध्ये दोन पाऊस पडले की आठवड्यात रंग पालटतो. किडे उठतात, चंडोल आकाशात चढून गायला लागतात, गवत कमरेला लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भोवत्ये, हे शिकारी पक्षी, येतात, हजारो किलोमीटरवरून, रात्री माळावरच गवतात उतरून झोपतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातात. मे महिन्यात तीन दिवस फिरून मी भोवत्या 'आढळला नाही' लिहायचं? ते खोटं ठरणार नाही, पण वाचणारा त्यावरून जे समजणार ते धडधडीत खोटं असेल.

माणसांचंही तेच. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. सर्व्हे जानेवारीत, सरपंचांच्या ओसरीवर चहा पिऊन होतो. अहवालात ओळ येते, 'सदर जागेवर चराई आढळली नाही.' कशी आढळेल? चरणारे घाटाखाली आहेत! पावसाला ती माणसं परत येतात तेव्हा मेंढरांच्या वाडग्याच्या जागी कुंपण आणि गेटवर वॉचमन. गायरानाच्या भाडेपट्ट्याचे पैसे येतील, गावात चार कामंही होतील, पण ज्याचं गाव वर्षातले आठ महिने पाठीवर असतं त्याच्या हाती त्यातलं काय लागतं? त्याला ग्रामसभेच्या दिवशी बोलावलं होतं का, एवढं तरी कुणी लिहावं.

कॉपी-पेस्टची तर घाण झालीय. मागे एका साइटचा जुना अहवाल तपासायला माझ्याकडे आला. सोलापूर जिल्ह्यातला उघडा माळ, सावलीला म्हणावं तर चार बाभळी. प्राण्यांच्या यादीत शेकरू! पक्ष्यांत धनेश! सह्याद्रीतल्या कुठल्याशा पवनचक्कीचा अहवाल उचलून आणलेला. आणि लांडग्याचं नाव यादीत नाही. कंपनीने सही केली, सल्लागाराने सही केली, बँकेने फाइलला लावला. एवढ्या हातांतून गेला, एकालाही प्रश्न पडला नाही की या माळावर शेकरू कुठल्या झाडावर राहतो. मी त्या पानावर लाल पेनने गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'जागेवर गेलं कोण होतं?' उत्तर आजतागायत नाही.

गेल्या वर्षीचा मे डोळ्यांसमोरून जात नाही. एका साइटवर लेआउटच्या खुंट्या मारून झाल्या होत्या. सकाळी साडेसहाला माळटिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली, तेव्हाच कळलं. जागच्या जागी थांबले आणि एकेक पाऊल बघत गेले. खुंटीपासून हातभर अंतरावर, मुरमाच्या खड्यांत, घरटं म्हणावं असं काहीच नाही, नुसता वाटीएवढा खळगा. त्यात चार अंडी, टोकं आत केलेली, मातकट, काळे ठिपके. मान वळवली तर परत सापडायची नाहीत इतकी दगडांत मिसळलेली. भोवती चुन्याची रेघ ओढली, फोटो काढले, साइट इंजिनिअरला हात जोडून सांगितलं, एवढा तुकडा तीन-चार आठवडे सोडा, पिल्लं निघाली की लगेच चालायला लागतात. हो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर जेसीबी फिरून गेलेला, चुना मुरमात कालवलेला, आणि टिटवी त्याच जागेवर गप्प उभी. जाब विचारला तर म्हणे, 'ऑपरेटर नवीन होता.'

मी सोलरच्या विरोधात आहे असं कुणी म्हणू नये. माझे वडील आयुष्यभर रात्रीच्या लाइटीला ऊस भिजवायला गेले, साप-विंचवाच्या अंधारात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी, आणि ती सूर्याकडून मिळत असेल तर त्याहून चांगलं काय? म्हणूनच जास्त चीड येते. इतकं चांगलं काम इतक्या घाईने, इतक्या बेपर्वाईने का करायचं?

वेळ नसतो, हे तर सांगूच नका. पवनचक्की लावण्याआधी मास्ट उभारून वर्षभर वारा मोजता. सोलरसाठी कित्येक वर्षांची उन्हाची आकडेवारी विकत घेता. जमिनीचे गट जमवताना वारसनोंदी, हिश्शाची भांडणं, मोजणी यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. त्याच काळात माझ्या चार फेऱ्या आरामात होतात, पावसाळा धरून. ट्रान्समिशन लाइन कुठून न्यावी, पक्षी तारांना धडकू नयेत म्हणून डायव्हर्टर कुठे लावावेत, कुंपणाखाली खोकड-सशाला जायला कुठे जागा ठेवावी, हे सगळं मी लेआउट ठरण्याआधी सांगू शकते. पण मला फोन येतो तो जमीन घेऊन झाल्यावर, पॅनेलची ऑर्डर गेल्यावर, कर्जाच्या मीटिंगच्या चार दिवस आधी. थरच्या वाळवंटातल्या माळढोकांसाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारा जमिनीखाली घ्यायचा आदेश द्यावा लागला, २०२४ मध्ये तो बदलून पुन्हा तज्ज्ञ समिती नेमावी लागली. तारा ओढण्याआधीच पक्ष्यांच्या वाटा बघितल्या असत्या तर कंपन्यांचाही केवढा ताप वाचला असता!

मंगळवारी पहाटे निघाले. साइटवर अडीच दिवस मिळाले. खोकडाची दोन बिळं, लांडग्याची ताजी विष्ठा, धाविक पक्ष्याची जोडी आणि एक छोटं पिल्लू, सगळं जीपीएससह नोंदवलं. अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं, 'ही पाहणी मे महिन्यातील अडीच दिवसांची आहे. पावसाळा व हिवाळ्यातील पाहणी झाल्याशिवाय या जागेबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही.'

ते वाक्य काढून पुन्हा पाठवा, असा आज सकाळी मेल आलाय. मी ते काढणार नाही.