लिबर्टी जहाजं का तडकली: एका प्रतिक्रियेला उत्तर

लिबर्टी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने झपाट्याने आणि मोठ्या संख्येने बांधलेली मालवाहू जहाजं. त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. अननुभवी कामगारांकडून घाईने वेल्डिंग करून घेतल्यामुळे ही जहाजं दुभंगली आणि मी मात्र त्यांची तरफदारी केली, हा पहिला. ११ नॉटचं (ताशी सुमारे २० किलोमीटर) संथ जहाज पाणबुड्यांच्या तोंडी देणं चूकच होतं, हा दुसरा. आणि १९४४ साली मुंबईच्या गोदीत फुटलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ याच घाईचं अपत्य होतं, हा तिसरा. पहिल्याला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण त्यात हजारो कामगारांवर आळ आहे.

धक्क्याला उभ्या असलेल्या, मधोमध मोडलेल्या जहाजाच्या ज्या छायाचित्राचा तुम्ही दाखला दिलात, ते ‘स्केनेक्टडी’चं आहे. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला, अगदी शांत पाण्यात ते चिरलं. पण ते टी-२ जातीचं तेलवाहू जहाज होतं, लिबर्टी नव्हे. लिबर्टीचंच उदाहरण हवं तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलास्काजवळ दोन तुकडे झालेलं ‘जॉन पी. गेन्स’ घ्या. त्यात माणसंही गेली. तेव्हा जहाजं तडकत होती याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कारणाबद्दल.

केंब्रिजमध्ये धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी नेमकं हेच तपासलं. त्या काळचं जहाजांचं पोलाद नेहमीच्या तापमानाला ताणलं तर आधी वाकायचं, लांबायचं, मग तुटायचं. तेच पोलाद गार पडलं आणि त्यावर कुठे खाच असली, की न वाकता काचेसारखं तडकायचं. खरेदी करताना पोलादाची ताकद तपासली जायची, पण थंडीत खाचेपाशी ते कसं वागतं याची कसोटी तेव्हाच्या नियमांतच नव्हती. अमेरिकी नौदलाच्या चौकशी मंडळानेही १९४६ च्या अहवालात पोलादाच्या या गुणाकडे आणि आराखड्यातल्या व कामातल्या खाचांकडे बोट दाखवलं. वेल्डिंगमुळे पत्र्यांत कोंडलेला ताण हे मुख्य कारण मानायला मंडळ तयार नव्हतं.

वेल्डिंगचा वाटा होता, पण तो वेगळा. रिव्हेट मारलेल्या, म्हणजे वेगवेगळे पत्रे धातूच्या खिळ्यांनी जोडलेल्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेला पोहोचली की बहुधा तिथेच अडते, जसं कापड टरकत शिवणीपर्यंत येतं आणि थांबतं. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे एकसंध पोलाद, चिरेला अडवणारं मध्ये काही नाही. आणि चिरेची सुरुवात व्हायची ती अनेकदा हॅचच्या, म्हणजे माल उतरवण्यासाठी डेकवर ठेवलेल्या तोंडाच्या, काटकोनी कोपऱ्यांत, जिथे डेकवरचा ताण एकवटतो. ते कोपरे कागदावर आखले गेले होते. एखादा जोड कच्चा राहिला, तर तिथूनही चीर निघे, हे खरंच. पण उपाय काय झाले ते पाहा: हॅचचे कोपरे बळकट आणि गोलसर केले, आणि चीर अडवण्यासाठी डेकवर व बाजूंना रिव्हेटच्या पट्ट्या बसवल्या. ‘व्हिक्टरी’ या पुढच्या जातीत फासळ्यांमधलं अंतर ३० वरून ३६ इंचांवर नेलं, म्हणजे सांगाडा जरा लवचीक राहील. वेल्डिंग मात्र कुणी सोडलं नाही. आजची जहाजं वेल्ड केलेलीच असतात.

घाईबद्दल एकच दाखला देतो. पहिलं लिबर्टी, ‘पॅट्रिक हेन्री’, बांधायला २४४ दिवस लागले. ‘रॉबर्ट ई. पिअरी’ १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये रिचमंडच्या यार्डात साडेचार दिवसांच्या थोड्या वर वेळेत पाण्यात उतरलं. ते युद्धभर चाललं आणि १९६३ साली भंगारात गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच वेल्डिंगची कांडी हातात धरलेल्या बायका-पुरुषांच्या कामाबद्दल हे पुरेसं बोलकं आहे, असं मला वाटतं.

वेगाचा आक्षेप मान्य. ११ नॉट हा वेग कमीच होता आणि सुमारे २०० लिबर्टी जहाजं युद्धात गेली. पण टर्बाइन आणि त्यांचे गिअर युद्धनौकांना पुरत नव्हते. २,५०० अश्वशक्तीचं ट्रिपल एक्स्पान्शन (वाफ तीन टप्प्यांत वापरणारं) वाफेचं इंजिन जुनाट होतं, तरी ते अनेक कारखाने बनवू शकत होते आणि नवशिका खलाशी चालवू शकत होता. टर्बाइनची वाट पाहिली असती तर २,७०० च्या वर जहाजं चार वर्षांत झालीच नसती.

आता ‘फोर्ट स्टिकिन’. ते लिबर्टी नव्हतं, लिबर्टीचं चुलत भावंड होतं. १९४० साली ब्रिटिश जहाजबांधणीकार सिरिल थॉम्पसन शिष्टमंडळासोबत इंग्लंडमधल्या सुंदरलंडचे आराखडे घेऊन अमेरिकेला गेले. त्यातून अमेरिकेत ‘ओशन’ जातीची ६० जहाजं आणि कॅनडात ‘फोर्ट’ जात निघाली. अमेरिकेने त्याच आराखड्यात कोळशाऐवजी तेल, रिव्हेटऐवजी वेल्डिंग असे बदल करून लिबर्टी घडवलं. ‘फोर्ट स्टिकिन’ १९४२ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स रुपर्टला बांधलं गेलं, जुन्या पद्धतीने: रिव्हेटचं, कोळशावर चालणारं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये जे झालं, त्यात सांगाड्याचा दोष काहीच नव्हता. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि दुसऱ्या होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) खाली कापसाच्या गाठी, वर स्फोटकं, अशी रचना होती. कापूस पेटला, आत पाणी सोडलं, तर जळत्या गाठी तरंगत वर स्फोटकांकडेच सरकल्या. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिलपासून पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. हा दोष माल रचणाऱ्या आणि त्याला परवानगी देणाऱ्या यंत्रणेचा आहे, जहाज बांधणाऱ्यांचा नाही.

पुढे जुनं छायाचित्र हाती आलं तर ओळखायला सोपी खूण आहे. ‘फोर्ट’ आणि ‘ओशन’मध्ये डेकवरची खोल्यांची इमारत दोन तुकड्यांत असते: पुढे कप्तानाचा ब्रिज, मागे धुरांडं, आणि दोन्हींच्या मधे एक हॅच. लिबर्टीत ब्रिज आणि धुरांडं मध्यावर एकाच इमारतीत असतात.