आकडा सांगा, साहेब

सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात ‘पाणी किती?’ असं विचारून बघा. झोपेतून उठवून विचारलंत तरी तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी फूट-इंचात सांगेल, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय ते सांगेल आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणवाल्यांनी काय करायला हवं होतं यावर फुकट व्याख्यान देईल. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथलं पोर पाढ्यांच्या आधी शिकतं. त्याच माणसाला विचारा, “शनिवारी क्लबच्या जेवणाला येणार ना?” तो म्हणेल, “बघू की.”

या ‘बघू की’ची किती ताटं धरायची, हे ठरवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. पदाचं नाव फेलोशिप चेअरमन. ऐकायला भारदस्त आहे, सासुरवाडीत सांगायला बरं पडतं. आमच्या क्लबात नेत्रदानाला एक समिती, झाडं लावायला एक, लावलेली झाडं जगली का ते बघायला एक (हिची सभा होत नाही), आणि या सगळ्या समित्यांनी एकत्र बसून जेवायचं, त्याला मी.

आमचा क्लब कुठला ते लिहीत नाही. लिहिलं तर सार्जंट, म्हणजे सभेत शिस्त राखणारा आमचाच सभासद, पुढच्या सभेत दंड करील. न लिहिल्याबद्दलही करील, पण तो कमी असतो. तसे हे समाजसेवेचे सगळे क्लब एकाच मातीतले. रोटरीचा जन्म १९०५ चा, लायन्सचा १९१७ चा, आणि गाव दोघांचंही शिकागो. रोटरीची जन्मकथा मी मुद्दाम वाचून काढली, म्हटलं मूळपुरुषांनी आकड्याचं काय केलं ते तरी कळेल. २३ फेब्रुवारी १९०५ ची संध्याकाळ. पॉल हॅरिस नावाचे वकील, एक कोळशाचे व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा धंदा करणारे गृहस्थ, असे चौघे त्या अभियंत्याच्या कचेरीत जमले. त्यातले वकील आणि कोळसेवाले इटालियन हॉटेलात आधीच जेवून आले होते. म्हणजे बघा, जगातली पहिली सभा, हजेरी चार, आणि त्यातही दोघं ‘घरून खाऊन आलोय’वाले! पुढे हॅरिसना प्रत्यक्ष सेवा करावी असं वाटू लागलं आणि १९०७ साली त्यांच्या क्लबाने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहाचा प्रश्न हाती घेतला. आधी जेवण आणि मग स्वच्छतागृह, हा क्रम निसर्गाला धरूनच आहे.

तर आकडा. आमचे केटरर अण्णा गुरुवारी दुपारी फोन करतात. “साहेब, आकडा?” एवढंच. नमस्कार नाही, पाऊसपाणी नाही. मी म्हणतो, “संध्याकाळी सांगतो.” मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा विनंती टाकतो, की शनिवारी सहकुटुंब येणाऱ्यांनी कृपया नाव आणि संख्या लिहावी. त्यावर पाच मिनिटांत वीस अंगठे येतात. मी हरखतो. वर सरकवून बघतो तर मध्येच कुणीतरी एका माजी अध्यक्षांच्या नातवाच्या बारशाचा फोटो टाकलेला असतो, अंगठे त्या बाळाला असतात. माझ्या निवेदनाखाली एक जोडलेले हात, आणि तेही एका डॉक्टरांचे. या हातांचा अर्थ ‘येतो’ की ‘माफ करा’ हे विचारायला फोन करावा तर कंपाउंडर सांगतो, “सर ओपीडीत आहेत.” रात्री साडेनऊलाही सर ओपीडीतच असतात. जेवायला मात्र सर सर्वांत आधी येतात, ते काय ते मला कळत नाही.

मार्केट यार्डातल्या सभासदांची तऱ्हा वेगळी. हळदीचा सौदा निघतो तेव्हा हा माणूस पोत्यात हात घालून, एक कांडी मोडून, रंग बघून क्षणात भाव बोलतो. लाखांचा व्यवहार, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. त्याला म्हटलं, “शेठ, तुमचे किती धरू?” तर तो दहा वेळा विचार करणार. “मी एक. मिसेस बहुतेक. आई आल्या तर आई. पोरगा पुण्याहून आला तर पोरगा, पण तो आला तर बाहेर पिझ्झा खातो. तुम्ही असं करा, अडीच धरा.” मी वहीत अडीच लिहितो. अण्णा विचारतात, “हे अडीच काय हाय?” मी सांगतो, “आई.”

माजी अध्यक्ष तर उत्तरच देत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की ज्याने क्लबाला वर्ष दिलं त्याला ताट आहे की नाही हे विचारणंच चुकीचं. आमच्याकडे माजी अध्यक्षांची संख्या बरीच आहे, कारण दर वर्षी एक तयार होतो आणि कुणी कमी होत नाही.

रोटरीवाल्यांची एक चार प्रश्नांची कसोटी आहे. बोलण्या-वागण्याआधी विचारायचं, की हे सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का. हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थांनी १९३२ साली बुडायला आलेली एक कंपनी सावरताना ती लिहिली. कंपनी कसली होती? ॲल्युमिनियमच्या पातेल्यांची! मला याचं जराही नवल वाटलं नाही. पातेल्यांशी गाठ पडली की माणसाला सत्याची निकड भासतेच. मी ही कसोटी एकदा आमच्या ग्रुपवरच्या ‘नक्की येतो’ला लावून पाहिली. दुसऱ्या प्रश्नापर्यंत जायची वेळच आली नाही.

त्यातून या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या घरी कुणी आषाढी एकादशी करत नसावं. नवे अध्यक्ष गळ्यात पट्टा घालून पहिली घंटा वाजवतात तोवर चातुर्मास दारात. सांगलीत जैन मंडळी पुष्कळ, आमच्या क्लबातही आहेत. कांदा-लसूण-बटाटा नको एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. सूर्यास्तानंतर त्यांचं जेवण नाही, आणि आमची आठची सभा साडेआठला सुरू होते. म्हणून त्यांची ताटं साडेसहाला वेगळी. ती मंडळी वेळेवर येतात, सांगितल्या संख्येत येतात, शांतपणे जेवतात आणि मग सभेला तृप्त बसतात. पॉल हॅरिस यांच्याशी खरे इमान त्यांनीच राखलंय. आमच्या क्लबात कुणाच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबावं तर त्यांच्याच.

मग संकष्टी. गणपतीच्या गावात संकष्टीला सभा ठेवू नये हे साधं आहे, पण प्रमुख वक्त्यांना तीच तारीख सोयीची होती. विषय होता ताणतणावाचं व्यवस्थापन. चंद्रोदय नऊच्या पुढे, वर आभाळ भरलेलं. वक्ते म्हणाले, “दीर्घ श्वास घ्या, डोळे मिटा.” निम्मा हॉल खिडकीतून ढगांकडे बघत होता. शेवटी एका वहिनींनी पंचांगातली वेळ झाली असं जाहीर केलं, आणि व्यवस्थापन तिथेच सोडून सगळे साबुदाण्याच्या खिचडीकडे गेले. उपवासाची ताटं मी सांगितली होती अठरा. खिचडी बघितल्यावर ज्यांना उपवास नव्हता त्यांनाही तो लागला.

अण्णांनी त्या रात्री मला बाजूला घेतलं. पोट मोठं, आवाज बारीक, कानावर पेन्सिल. म्हणाले, “साहेब, तुम्ही आकडा विचारत बसू नका. मला फक्त दोन गोष्टी सांगत जावा. वक्ता कोण, आन् पाऊस किती.” मी म्हटलं, “वक्त्याचा काय संबंध?” तर म्हणाले, “शेअर बाजारवाला आला तर समदी येत्यात. डायबेटीसवाला डॉक्टर आला तर येत्यात, पण गोड खात न्हाईत. बाहेर जाऊन खात्यात. कवी आला तर...” इथे ते थांबले. शेजारी आमचे अध्यक्ष उभे होते, ते कविता करतात.

पदग्रहणाच्या दिवशी अण्णांचं हे शास्त्रही कोसळलं. जुलैचा पाऊस, रस्त्यावर पाणी, विश्रामबागेकडून यायला रिक्षा मिळेना. अण्णांनी आभाळ बघितलं, मी ग्रुप बघितला, दोघांनी मिळून सव्वाशे ताटं ठरवली. साडेआठला खुर्च्या रिकाम्या, व्यासपीठावर माणसं जास्त आणि खाली कमी. आणि नऊला प्रांतपाल, म्हणजे आसपासच्या सगळ्या क्लबांचे वरिष्ठ, आले. प्रांतपाल कधी एकटे येत नाहीत. त्यांच्यामागे सहायक, सहायकांचे सहायक, शेजारच्या गावांतल्या क्लबांचे अध्यक्ष आणि त्या अध्यक्षांना ‘गाडीत जागा होती म्हणून’ आलेले. पावसाने अडकलेले आमचे सभासदही नेमके तेव्हाच पोचले, कुटुंबासह, पाहुण्यांसह, एक जण तर शेजाऱ्यांसह. सत्काराचे नारळ संपले तेव्हाच मला घाम फुटला होता.

अण्णा डगमगले नाहीत. आत जाऊन एवढंच म्हणाले, “पुऱ्या बारीक लाटा आन् बुफे काढा.” बुफे म्हणजे सभासदाच्या हातात डाव, पंगत म्हणजे अण्णांच्या हातात. पाच मिनिटांत टेबलं फिरली, लोकांना बसवलं, वाढपी निघाले. त्यातला एक काळासावळा पोरगा जिलेबी वाढत होता. ताटाशी वाकायचा, चिमट्यात दोन वेढी धरायचा, हळूच एक परत सोडायचा आणि “आणखी घ्या की काका” असं इतकं मनापासून म्हणायचा, की समोरचा ओशाळून हात आडवा धरायचा. प्रांतपालांनी भाषणात आमच्या ‘पारंपरिक पंगतीच्या संकल्पनेचं’ तोंडभरून कौतुक केलं. समितीने घरी जाऊन भडंग खाल्लं.

आता कुणी म्हणेल, या लोकांना आकड्याचं भानच नाही. तसं म्हणवत नाही, कारण २०१९ चा ऑगस्ट मी बघितलाय. आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, अर्धं शहर पाण्यात. ग्रुपवर कुणीतरी एक ओळ टाकली, भाकरी लागतील. किती, कुणी लिहिलं नाही, कुणी विचारलं नाही. कोरड्या भागातल्या घरांतून कापडात बांधलेली चवडच्या चवड येत राहिली, वर चटणीची पुडी, एका गाठोड्यात तर लहान मुलांसाठी म्हणून साखर लावलेल्या पोळ्या वेगळ्या बांधलेल्या. अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, “आकडा ऱ्हाऊ द्या. पीठ कुठनं आणू तेवढं सांगा.” तेच डॉक्टर, ओपीडीतले, गुडघाभर चिखलात उभे राहून खोकी उतरवत होते. पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली, पहिली सभा लागली. मी ग्रुपवर विचारलं, “किती जण येणार?” एक अंगठा आला. तोही चुकून दाबला गेला होता, त्यांनी नंतर काढला.

कमी पडण्याचं दुःख मी सांगितलं, पण उरण्याचं त्याहून वाईट. मध्यंतरी एका सभेच्या दिवशी भारताची क्रिकेटची मॅच निघाली. चाळीस माणसांचा मसालेभात उरला. रात्रीचे अकरा, मी, खजिनदार आणि एक मोठं पातेलं. खजिनदार प्रत्येक ताटाचे पैसे मनात मोजत होते, ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं. शेवटी अण्णांच्या टेम्पोत पातेलं घातलं आणि एका सरकारी दवाखान्याच्या आवारात गेलो. पेशंटांचे नातेवाईक पायऱ्यांवर पथाऱ्या टाकून बसलेले. भात वीस मिनिटांत संपला. एक आजीबाई म्हणाल्या, “मीठ जरा कमी हाय बाळा, पण गरम हाय.” खजिनदारांनी मोबाइलवर एक फोटो काढला, हिशोबाला पुरावा म्हणून.

तो फोटो क्लबाच्या बुलेटिनमध्ये छापून आला. खाली मथळा, ‘अभिनव अन्नदान प्रकल्प’. मॅच, पातेलं, खजिनदारांचे ओठ, यातलं काहीच नव्हतं. बुलेटिन प्रांतपालांकडे गेलं आणि वार्षिक परिषदेत आम्हाला उत्कृष्ट प्रकल्पाचं प्रशस्तिपत्र मिळालं. फ्रेम केलेलं. अध्यक्षांनी त्यावर चार ओळी केल्या, त्या ऐकायला फार कुणी थांबलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! संचालक मंडळाने ठराव केला, की सदर प्रकल्प आता कायमस्वरूपी, दर महिन्याला. फेलोशिप चेअरमन जबाबदार. म्हणजे आता दर सभेला किमान चाळीस ताटं उरली पाहिजेत. “वेगळं शिजवून नेऊ या की,” मी म्हटलं. खजिनदार म्हणाले, बजेटमध्ये ते बसत नाही, उरलेलं बसतं.

पुढच्या सभेला मी सगळी काळजी घेतली. वक्ता म्हणून कवी बोलावला. ग्रुपवर मेनू कळवला नाही. पाऊस होता, टीव्हीवर मॅच होती, दुसऱ्या दिवशी शाळांच्या परीक्षा होत्या. कवी पावणेनऊला उठले. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती, माजी अध्यक्ष जोडीने आले होते, अडीचमधल्या आईसुद्धा आल्या होत्या. कुणालातरी वास लागला होता, की अण्णांनी भरली वांगी आणि बाजरीची भाकरी केली आहे. पातेलं धुवायचीही गरज राहिली नाही.

सोमवारी सचिवांचं पत्र आलं. मासिक अन्नदान प्रकल्प का झाला नाही, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा. मी त्याच कागदाखाली लिहून पाठवलं, ‘सर्व सभासद जेवायला आल्यामुळे.’