गूळ वाढवून औषध वाढत नाही

मृग लागला आणि तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. म्हणणं असं: पहिल्या पावसात वावरातून जो सुगंध सुटतो तो अँटिबायोटिकचाच, मातीतले जिवाणू ते चोवीस तास गाळत असतात, जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाच्या पातळ खतात, दोनऐवजी दहा किलो गूळ टाका, औषध पाचपट होईल आणि तुरीवरचा मर जाईल, खरचटलं तर धुऱ्यावरची माती लावा. आमच्या गावात दोघांनी गुळाच्या भेल्या आणल्यासुद्धा, म्हणून लिहितो.

मेसेज निव्वळ थाप असता तर सोपं होतं. पण स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू मातीत असतात आणि क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये त्यांच्यातूनच मिळालं, हे खरं आहे.

वास मात्र जिओस्मिन या वेगळ्याच पदार्थाचा. तो बनवणारं जनुक बीजाणू तयार होण्याच्या वेळी चालू होतं. त्या वासावर स्प्रिंगटेल नावाचे कीटकांसारखे बारके जीव येतात, जिवाणू खातात आणि बीजाणू दूरवर पसरवतात. म्हणजे ते पेरणीचं आवतण आहे, औषधाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता 'चोवीस तास'. हा जिवाणू बुरशीसारखा धाग्यांनी वाढतो. अन्न आहे तोवर नुसता पसरतो. अन्न संपत आलं की जुने धागे स्वतःलाच विरघळवतो, त्या खुराकावर हवेत नवे धागे उभे करतो आणि त्यांचे बीजाणू पाडतो. औषध बहुधा याच सुमारास बनतं. विरघळलेल्या खुराकावर शेजारचे जिवाणू टपलेले असणार, त्यांना रोखायला, असा तर्क आहे. स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या जातीत ए-फॅक्टर नावाचा अगदी सूक्ष्म प्रमाणातला रेणू साठत जातो; तो पुरेसा झाला की जनुकावर कुलपासारखं बसलेलं प्रथिन सुटतं आणि धागे व औषध दोन्हींचा हुकूम निघतो. दुसऱ्या एका जातीत हुकमातलं एक दुर्मीळ अक्षर वाचणारा एकच वाचक असतो. तो बिघडला की ना धागे उभे राहतात, ना त्या जातीचं निळं औषध उतरतं. प्रयोगशाळेच्या थाळीत ती वसाहत टकली दिसते, म्हणून त्या जनुकाच्या नावातही टक्कलच आहे. याच जातीची जनुकं २००२ मध्ये वाचली तेव्हा ७,८०० च्या वर भरली. औषधासारखे पदार्थ बनवणारे त्यांचे गट वीसहून जास्त निघाले, आणि त्यातले बरेच प्रयोगशाळेत गप्पच बसलेले!

मग गूळ काय करेल? बहुतेक वेळा उलटंच. साखर भरपूर असली की औषधाची जनुकं दबलेली राहतात, जास्त फॉस्फेटही तेच करतं. म्हणून औषधाच्या कारखान्यातसुद्धा साखर एकदम न ओतता हळूहळू सोडतात. एक गंमत तर अशी, की किड्यांच्या कवचातून मिळणारी एक साखर भरल्या ताटात औषध अडवते आणि उपाशीपोटी तीच सुरू करते. शिवाय दहा किलो गुळावर आधी फोफावणार ते झपाट्यानं वाढणारे बाकीचे जंतू, हा संथ गडी मागेच पडणार. जीवामृत घालू नका असं मी म्हणत नाही, फक्त पाचपटीचा हिशेब सोडा.

मर रोगाचं तर मुळातच चुकलं. तो फ्युजेरियम बुरशीमुळे येतो, ती मुळातून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसते. स्ट्रेप्टोमायसिन चालतं जिवाणूंवर. त्यापेक्षा मर सहन करणारं वाण, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आणि पिकाची फेरपालट यांवर पैसे घाला.

राहिली जखमेवरची माती. त्याच मातीत धनुर्वाताचे बीजाणूही असतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. विळा लागला तर जखम साबण-पाण्यानं धुवा आणि उपकेंद्रात जाऊन इंजेक्शनचं विचारा.